पोटातला कृमी मेंदूत कसा पोचतो?

जून १९९० ते जुलै १९९१ या काळात न्यूयॉर्क शहरातल्या चार जणांना वारंवार आकडी येऊ लागली. चौघांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. त्यांच्या मेंदूची चित्रं काढली तेव्हा आत छोट्या गाठी दिसल्या. तपासाअंती ठरलं, की या गाठी म्हणजे एका पट्टकृमीचे डिंभ आहेत. पट्टकृमी म्हणजे आपण ज्याला टेपवर्म म्हणतो तो. त्यातही हा डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी.

इथं डॉक्टर अडले. हे चौघंही कर्मठ ज्यू समाजातले होते. ज्यू धर्मात डुकराचं मांस वर्ज्य आहे आणि ही मंडळी तो नियम कसोशीनं पाळणारी होती. चौघांपैकी कुणीच डुकराचं मांस खाल्लेलं नव्हतं. मग डुकराच्या मांसातून येणारा कृमी त्यांच्या मेंदूत आला कुठून?

या कोड्याचं उत्तर आपल्याही उपयोगाचं आहे. जगात सुमारे ५ कोटी माणसांना अपस्मार, म्हणजे फेफरं किंवा आकडीचा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जिथे माणसं आणि मोकाट डुकरं जवळजवळ राहतात आणि हा कृमी तळ ठोकून आहे, अशा अनेक भागांत अपस्माराच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ३० जणांच्या आजाराशी या कृमीचा संबंध असतो. काही वस्त्यांमध्ये तर हे प्रमाण ७० पर्यंत जातं. अपस्माराची कारणं अनेक आहेत. डोक्याला मार, जन्माच्या वेळची इजा, मेंदूज्वर, आनुवंशिकता. आणि बऱ्याच रुग्णांत तर कारण सापडतच नाही. या यादीतलं हे एक कारण मात्र असं आहे, की जे पूर्णपणे टाळता येतं. त्यासाठी आधी कृमीचा प्रवास नीट समजून घ्यायला हवा.

एक कृमी, दोन घरं

या कृमीचं शास्त्रीय नाव टीनिया सोलियम. परोपजीवी ज्याच्या शरीरात राहतो त्याला पोशिंदा म्हणतात. या कृमीला आयुष्य पुरं करायला दोन पोशिंदे लागतात, एक माणूस आणि दुसरं डुक्कर.

प्रौढ कृमी राहतो माणसाच्या लहान आतड्यात. त्याचं डोकं टाचणीच्या डोक्याएवढं असतं. त्यावर चार चूषकं आणि बारीक आकड्यांची दुहेरी माळ असते. या आकड्यांनी तो आतड्याच्या भिंतीला घट्ट धरून बसतो. डोक्यामागे फितीसारखं चपटं शरीर असतं आणि ते साधारण २ ते ७ मीटर लांब होतं. त्याला तोंड नाही, पोट नाही. आपण पचवलेलं अन्न तो अंगाच्या पृष्ठभागातूनच शोषून घेतो. हे शरीर शेकडो खंडांचं बनलेलं असतं. शेवटचे खंड पिकतात, तुटतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. एका पिकलेल्या खंडात सुमारे ५० हजार अंडी असतात. एवढं सगळं होत असताना त्या माणसाला बहुधा काहीच त्रास होत नाही. फार तर पोट थोडं बिघडतं. आपल्या पोटात कृमी आहे हे त्याला वर्षानुवर्षं कळत नाही.

ही विष्ठा उघड्यावर पडली आणि मोकाट डुकरानं खाल्ली, की अंडी डुकराच्या पोटात जातात. पाचक रसांमुळे अंड्याचं कवच सुटतं आणि सहा आकड्यांचा सूक्ष्म डिंभ बाहेर येतो. तो आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि रक्ताबरोबर डुकराच्या स्नायूंत जाऊन थांबतो. तिथं दोनेक महिन्यांत त्याच्याभोवती पाण्यानं भरलेली, पांढुरकी, अर्धपारदर्शक पिशवी तयार होते. हिला पुटी म्हणतात. भिजवलेल्या साबुदाण्याचा मोठा दाणा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ती कशी दिसते याची कल्पना येईल. पुटीच्या आत नव्या कृमीचं डोकं उलटं दुमडून तयार असतं.

असं मांस माणसानं कच्चं किंवा अर्धवट शिजवून खाल्लं, की पुटीतलं डोकं आतड्यात बाहेर येतं, भिंतीला चिकटतं आणि नवा पट्टकृमी वाढू लागतो. चक्र पुरं झालं.

हे चक्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. आतड्यातला लांबलचक कृमी आणि डुकराच्या मांसातल्या पुट्या हे दोन वेगळे जीव आहेत असंच समजलं जाई. १७८४ साली जर्मन निसर्गअभ्यासक गोएझे यांच्या लक्षात आलं, की दोन्हींची डोकी सारखी दिसतात. पुढे १८५० च्या दशकात बेल्जियमच्या वान बेनेडेन यांनी डुकराला कृमीची अंडी खाऊ घातली आणि त्याच्या शरीरात पुट्या तयार झालेल्या दाखवल्या. त्याच सुमारास जर्मन डॉक्टर क्युखेनमायस्टर यांनी उलटा प्रयोग केला. मृत्युदंड झालेल्या एका कैद्याच्या अन्नात त्यांनी पुट्या मिसळल्या आणि शिक्षा अमलात आल्यानंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी शोधून काढले. हा प्रयोग माणुसकीला धरून नव्हता, यावरून तेव्हाही टीका झाली आणि आज तर असा प्रयोग करण्याची कुणाला कल्पनाही करता येणार नाही. पण पुटी आणि पट्टकृमी ही एकाच जीवाची दोन रूपं आहेत हे त्यातून सिद्ध झालं.

चक्रातली चुकलेली वाट

आता या चक्रात एकच बदल करून पाहू या. तीच अंडी डुकराऐवजी माणसाच्या पोटात गेली तर?

डिंभाला पोशिंद्यातला हा फरक कळत नाही. तो डुकरात जे करतो तेच माणसात करतो. आतडं भेदतो, रक्तात शिरतो आणि स्नायूंत, कातडीखाली, डोळ्यांत किंवा मेंदूत जाऊन पुटी बनवतो. कृमीच्या दृष्टीनं ही आंधळी गल्ली आहे. या पुटीला पुढे प्रौढ कृमी व्हायचं, तर ती कुणाच्या तरी खाण्यात आली पाहिजे आणि माणसाचं मांस कुणी खात नाही. पण ज्याच्या मेंदूत ती बसली त्याचं नुकसान व्हायचं ते होतंच.

म्हणजे एकाच कृमीचे माणसाला दोन वेगळे आजार होतात, आणि ते दोन वेगळ्या वाटांनी होतात. पुटी असलेलं अर्धकच्चं मांस खाल्लं, तर आतड्यात पट्टकृमी होतो. माणसाच्या विष्ठेतली अंडी हातावाटे, पाण्यावाटे किंवा अन्नावाटे पोटात गेली, तर मेंदूत पुट्या होतात. पहिला आजार डुकराकडून येतो. दुसरा, जास्त घातक आजार माणसाकडून माणसाला होतो. डुकराचं मांस कधीही न खाल्लेली व्यक्ती पहिल्या आजारापासून सुरक्षित असते, दुसऱ्यापासून नव्हे.

मेंदूत जाणारा कृमी बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या पोटातला नसतो, हेही यावरून लक्षात येईल. आतड्यातला सात मीटरचा कृमी काही सरपटत मेंदूकडे जात नाही. मात्र ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्याच्या नखांत, बोटांवर अंडी राहिली, तर ती त्याच्या स्वतःच्याच तोंडात जाऊ शकतात. आणि त्याच्या हातचं जेवणाऱ्या सगळ्यांच्याही.

न्यूयॉर्कच्या कोड्याचं उत्तर नेमकं इथंच होतं. त्या घरांमध्ये स्वयंपाकाला आणि घरकामाला ठेवलेल्या स्त्रिया लॅटिन अमेरिकेतून नुकत्याच आलेल्या होत्या. हा कृमी जिथे सर्रास आढळतो अशा देशांतून. चार घरांतल्या सहा जणींची तपासणी केली, तेव्हा एकीच्या आतड्यात पट्टकृमी सापडला आणि आणखी एकीच्या रक्तात संसर्गाच्या खुणा मिळाल्या. रुग्णांच्या जवळच्या १७ नातेवाइकांपैकी ७ जणांच्या रक्तातही या कृमीविरुद्धची प्रतिद्रव्यं होती. घरात डुकराचं मांस कधी आलंच नव्हतं. अंडी आली होती, तीही कुणाच्या ध्यानीमनी नसताना. त्या बाईला तरी आपल्या पोटात काय आहे हे कुठे माहीत होतं?

मेंदूत काय घडतं?

मेंदूत पुटी झाली, की लगेच आकडी येते असं नाही. जिवंत पुटी मोठी धूर्त असते. आपल्या शरीराच्या संरक्षक पेशींना चकवण्याची, त्यांना शांत ठेवण्याची तिची स्वतःची रसायनं असतात. त्यामुळे सुमारे एक सेंटिमीटरची ही पिशवी मेंदूत वर्षानुवर्षं बिनबोभाट पडून राहू शकते.

खरा गोंधळ पुटी मरायला लागली की सुरू होतो. तिचं चकवणं थांबतं, आतली द्रव्यं बाहेर झिरपतात आणि संरक्षक पेशी तिच्यावर तुटून पडतात. त्या जागी दाह होतो, भोवतालचा मेंदू सुजतो. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींशी सूक्ष्म विजेच्या संदेशांनी बोलत असतात. सुजेमुळे त्या भागातल्या पेशी एकदम, बेताल संदेश सोडू लागतात. हीच आकडी. कधी एकच हात किंवा चेहऱ्याची एक बाजू झटके देते, कधी सगळं शरीर ताठ होऊन माणूस बेशुद्ध पडतो. पुढे मेलेली पुटी विरून जाते किंवा तिथं चुन्याचा खडा साठून राहतो. असा खडासुद्धा पुढे कधीतरी आकडीचं निमित्त होऊ शकतो.

पुट्या किती आणि कुठे आहेत यावर बाकीचं अवलंबून असतं. काहींना आयुष्यभर काहीच होत नाही. काहींचं डोकं सतत दुखतं. मेंदूतल्या द्रवाची वाट पुटीनं अडवली, तर जिवावर बेतू शकतं.

संसर्ग आणि आकडी यांच्यात जाणाऱ्या या काळामुळेच आजाराचं कारण पूर्वी लवकर ध्यानात येत नसे. ते ध्यानात येण्यात भारताचा मोठा वाटा आहे. १९३० च्या दशकात ब्रिटिश लष्करातले डॉक्टर मॅकआर्थर यांना एक गोष्ट खटकली. लष्करातले काही धडधाकट जवान ऐन तारुण्यात आकडी येऊ लागल्यामुळे नोकरीतून कमी केले जात होते. घराण्यात कुणाला फेफरं नाही, लहानपणी कधी त्रास नाही. मॅकआर्थर यांनी पाहिलं, की यातले अनेक जण परदेशात, विशेषतः भारतात राहून आलेले आहेत. कातडीखाली हाताला लागणाऱ्या बारीक गाठी आणि क्ष-किरण चित्रात स्नायूंमध्ये दिसणारे चुन्याचे ठिपके यांवरून त्यांनी या कृमीचा माग काढला. १९३४ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे डिक्सन आणि लिप्सकोम या डॉक्टरांनी अशा ४५० रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आणि १९६१ साली त्याचा अहवाल दिला. सैनिक भारतात कधी होता आणि परत कधी गेला याच्या नोंदी लष्कराकडे असल्यामुळे संसर्गाचा काळ अदमासे ठरवता येत होता. बहुतेकांना पहिली आकडी संसर्गानंतर काही वर्षांनी आली होती. काहींना तर फारच उशिरा.

पानियाईच्या तळ्याकाठी

कृमी नसलेल्या भागात तो शिरला तर काय होतं, याचं फार करुण उदाहरण न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात घडलं. हा भाग इंडोनेशियात आहे. तिथल्या उंच डोंगरात पानियाईच्या तळ्यांभोवती एकारी नावाचे लोक राहतात. डुक्कर हा त्यांच्या समाजाचा प्राण. लग्न, मेजवानी, देणंघेणं, सगळं डुकरांवर चालतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं बाली बेटावरून भेट म्हणून डुकरं आली. बालीमध्ये हा कृमी पूर्वीपासून होता.

थोड्याच वर्षांत तिथल्या दवाखान्यात वेगळेच रुग्ण येऊ लागले. हातपाय, पाठ भाजलेली माणसं. डोंगरात रात्री कडाक्याची थंडी पडते. लोक झोपडीच्या मधोमध शेकोटी पेटवून तिच्याभोवती झोपतात. झोपेत आकडी आली, की माणूस निखाऱ्यांत पडे आणि शुद्ध नसल्यामुळे त्याला हलताही येत नसे. इंडोनेशियाच्या डॉक्टरांनी आणि नोबेल पारितोषिक मिळालेल्या गाजडुसेक यांनी १९७८ साली या भाजण्याच्या साथीबद्दल लिहिलं. भाजण्याच्या जखमांमागे आकडी होती, आकडीमागे पुट्या आणि पुट्यांमागे उघड्यावरची विष्ठा.

आपल्याकडचा 'नाहीसा होणारा ठिपका'

भारतात सीटी स्कॅन यंत्रं आली, तेव्हा आकडीच्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच छोटा, चकाकणारा ठिपका दिसू लागला. तो क्षयाच्या गाठीसारखा दिसे आणि आपल्याकडे क्षयाचं प्रमाण मोठं. त्यामुळे अशा रुग्णांना क्षयाची औषधं महिनोन्‌महिने दिली जात. काही काळानं ठिपका नाहीसा होई आणि औषध लागू पडलं असं वाटे. पण औषध न घेतलेल्यांचा ठिपकाही नाहीसा होतो, असं दिसू लागलं. मग तो क्षय होता कशावरून?

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चंडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांच्या मेंदूतला हा ठिपका शस्त्रक्रियेनं काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तिथं मरणाऱ्या पुटीचे अवशेष आणि तिच्याभोवतीचा दाह होता. १९८९ साली त्यांचं हे संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. असंख्य रुग्णांची क्षयाच्या औषधांतून त्यामुळे सुटका झाली. पुढे २००६ मध्ये याच संस्थेनं वेल्लोर जिल्ह्यातल्या ५० हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ज्यांना अपस्मार होता, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत या कृमीच्या खुणा आढळल्या.

भारतातल्या या आजाराच्या रुग्णांत डुकराचं मांस न खाणारे, अगदी शुद्ध शाकाहारीही पुष्कळ असतात. उलट केरळमध्ये काही समाजांत डुकराचं मांस खाल्लं जातं, पण हा आजार तिथं फार कमी आढळतो. शौचालयांचा वापर आणि साक्षरता तिथं फार आधीपासून जास्त आहे. ताटात काय आहे यापेक्षा गावाची विष्ठा कुठे जाते याला इथं जास्त महत्त्व आहे.

म्हणूनच डुकरं पाळणाऱ्या लोकांकडे बोट दाखवून चालणार नाही. डुक्कर पुट्या घेऊन जन्माला येत नाही. त्याला त्या माणसाच्या विष्ठेतून मिळतात. या साखळीत तेही एका अर्थानं रुग्णच आहे.

कोबीतली अळी निर्दोष आहे

'कोबीतला किडा मेंदूत जातो' हे वाक्य वर्गात मुलांकडून आणि गावात मोठ्यांकडूनही ऐकू येतं. कोबीच्या पानात दिसणारी हिरवी अळी ही पतंगाची अळी असते. ती चुकून पोटात गेली, तर बाकीच्या अन्नासारखी पचून जाते. मेंदूत जायचं सामर्थ्य तिच्यात नाही.

मग ही समजूत आली कुठून? तिच्यात सत्याचा एक कण आहे. शेताला मैलापाणी दिलं असेल किंवा शेतात लोक शौचाला जात असतील, तर पट्टकृमीची अंडी पानांना चिकटू शकतात. हे अंडं दिसत नाही. एका मिलिमीटरच्या रेघेवर पंचवीस ते तीस अंडी शेजारीशेजारी मावतील इतकं ते लहान असतं. शिवाय ते टणक असतं आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतं. कोबीच्या पानांच्या घडीत माती अडकते म्हणून तिचं नाव झालं. पण कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर यांनाही तोच नियम लागू आहे. कोबी खाणं सोडायची काहीच गरज नाही. भाजी शिजवली की अंडी मरतात. कच्ची खायची असेल, तर पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत, कंदांची साल काढावी.

औषध आहे, पण स्वतःहून नको

मोठ्या वयात पहिल्यांदाच आकडी आली तर मेंदूची तपासणी करून घेतलीच पाहिजे. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये पुटी दिसते. कधी तर तिच्यातलं कृमीचं डोकंही ठिपक्यासारखं दिसतं. आकडी थांबवणारी औषधं हा उपचाराचा पाया. जिवंत पुट्यांसाठी अल्बेंडॅझोल, काही वेळा त्यासोबत प्राझिक्वांटेल देतात. पण औषधानं पुट्या एकदम मरू लागल्या, की दाह उसळतो आणि आकडी वाढू शकते. म्हणून आधी किंवा सोबत दाह कमी करणारी औषधं देतात आणि पुटी डोळ्यात नाही ना, हे पाहून घेतात. तिथं दाह झाला तर दृष्टी जाऊ शकते. फक्त चुन्याचे खडे उरले असतील, तर कृमिनाशक औषधाची गरज नसते. हा सगळा हिशेब डॉक्टरांनीच करायचा. दुकानातून गोळ्या आणून घेणं धोक्याचं आहे.

शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना मिळणारी गोळी मुख्यतः गोल जंत, आकडी जंत आणि चाबूक जंत यांच्यासाठी असते. ती जरूर द्यावी, पण तिनं या आजाराची चिंता मिटली असं समजू नये.

साखळी कुठे तोडायची?

युरोपातल्या बहुतेक देशांतून हा आजार विसाव्या शतकात जवळजवळ हटला. तेव्हा सीटी स्कॅन नव्हतं, अल्बेंडॅझोलही नव्हतं. घरोघरी शौचालयं झाली, डुकरं गोठ्यात बांधली गेली आणि कत्तलखान्यात मांसाची तपासणी होऊ लागली. तेवढ्यानं काम झालं. याच आधारावर १९९३ साली रोगनिर्मूलनावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं नायनाट करता येण्यासारख्या मोजक्या आजारांच्या यादीत याचं नाव घातलं.

अलीकडचा पुरावा पेरू देशातला आहे. टुंबेस या उत्तरेकडच्या भागात माणसांना आतड्यातला कृमी मारणारं औषध दिलं गेलं. डुकरांनाही औषध आणि प्रतिबंधक लस दिली गेली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोहिमेनंतर १०७ पैकी १०५ गावांत जिवंत पुट्या असलेलं एकही डुक्कर सापडलं नाही. डुकरांसाठीची ही लस ऑस्ट्रेलियातल्या संशोधनातून निघाली आणि आज ती आपल्याकडे हैदराबादला तयार होते.

लस आणि औषधं कामाची आहेतच. पण माणसाची विष्ठा उघड्यावर पडत राहिली, तर बाहेरून आलेला एकच पट्टकृमीधारक चक्र पुन्हा सुरू करू शकतो. शौचालय बांधणं, ते घरातल्या सगळ्यांनी वापरणं आणि त्यातला मैला कच्चा असताना शेतात न टाकणं, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच साखळी तुटते.

वर्गात काय करता येईल?

फळ्यावर माणूस आणि डुक्कर काढा. मुलांकडून बाण काढून घ्या. विष्ठेतून डुकराकडे, मांसातून माणसाकडे आणि तिसरा बाण माणसाकडून माणसाकडे. मग विचारा, 'कुठला बाण पुसला तर काय थांबेल?' मांस नीट शिजवलं तर एक बाण पुसला जातो. हात धुतले तर दुसरा. शौचालय वापरलं तर एकदम दोन. 'मी डुकराचं मांस खात नाही, मग मला काय?' असं कुणीतरी म्हणेलच. त्याला न्यूयॉर्कची गोष्ट सांगा.

दुसरा प्रयोग हळदीचा. थोड्या गोडेतेलात हळद कालवून एका मुलाच्या बोटांना लावा. त्यानं दोघांशी हस्तांदोलन करावं, त्यांनी आणखी दोघांशी. पिवळा रंग कुठवर पोचला ते पाहा. आता एकानं नुसत्या पाण्यानं हात धुवावेत, दुसऱ्यानं साबण लावून वीस आकडे मोजेपर्यंत चोळून. नखांच्या कडांना काय उरतं ते मुलांना भिंगातून बघू द्या. अंडी अशीच चिवट असतात, फक्त ती पिवळी दिसत नाहीत.

आकडी आली तर

वर्गात कुणाला आकडी आली तर इतर मुलांना शांतपणे बाजूला करा. जवळची बाकं, टोकदार वस्तू हलवा. डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळची बटणं सैल करा. मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. घड्याळ पाहा. हातपाय दाबून धरू नका. दातांमध्ये चमचा किंवा बोट घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यानं काहीही होत नाही. आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. आकडी पाच मिनिटांहून जास्त टिकली, किंवा शुद्ध न येताच पुन्हा आली, तर ताबडतोब दवाखान्यात न्या.

आणि ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येईल हे बघा. आकडी येते म्हणून शाळा सुटलेली मुलं, लपवून लावलेली लग्नं आणि मग मोडलेले संसार आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. १९९९ साली विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि हिंदू विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा अडसर काढून टाकला गेला. कायद्यानं काढलेला अडसर लोकांच्या मनातून काढायला जास्त वेळ लागतो आणि ते काम शाळेत लवकर सुरू होऊ शकतं. औषधं नियमित घेतली, तर अपस्माराच्या दहापैकी सात रुग्णांची आकडी थांबू शकते. आणि या एका कृमीमुळे येणारी आकडी तर मुळात कुणालाच यायला नको. त्यासाठी लागतं ते नळाला पाणी, वडीभर साबण आणि वापरात असलेलं शौचालय. आपल्या शाळेत या तीन गोष्टी आहेत का, हे आज मधल्या सुट्टीत पाहून घ्या.